आघाडी-पिछाडीचा करार

श्री वाटाड्या गजानन समर्थ. वनदेवतेस दंडवत, गुडघ्यांस विनंती, आणि ऐकणारांस रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका अनाम राज्याची स्वारी डोंगरअरण्यांत बावीस मुक्कामांच्या मोहिमेस निघाली. राज्य म्हणजे उभयतांच. राजे हेरंबराव, वय एकसष्ट, आणि राणीसाहेब शरयूबाई, वय अठ्ठावन्न. रयत नाही, फौज नाही, एक लेक ती सासरी नांदते. शामियाना, मुदपाकखाना, दवाखाना, सर्व दोन सॅकांत कोंबून पाठीवर घेतला. मोहिमेचे कारण ऐसे की, रावसाहेबांचे नेत्र अधू होत चालले होते, आणि वैद्यांनी साफ सांगितले की चैत्रापावेतों उजेड-अंधार तेवढा कळेल, अधिक नाही. मग रावसाहेब बोलिले, "शेवटच्या खिंडीतून पश्चिमेच्या सगळ्या रांगा एकदा डोळे भरून बघायच्यात. मग काय व्हायचं ते होवो." बाई मोरीत जाऊन रडल्या आणि बाहेर येऊन दशम्या लाटावयास बसल्या.

निघतेवेळीं करार जाहला. एक दिवस आघाडी रावसाहेबांची, एक दिवस बाईंची, आणि पिछाडीने आघाडीस टोकू नये. हे कलम बाईंनी आपण होऊन घातले. कारण चौतीस वर्षे त्यांनी नवऱ्यास आमटीचे मिठापासून मोटारीचे गिअरापर्यंत टोकले होते, आणि आता उरल्या उजेडाचे दिवसांत तरी जिभेस लगाम घालावा ऐसा पण केला. संवत्सराचे नांव क्रोधी खरे, परंतु बाईंचा स्वभाव त्याहून जुना. तरी बारा दिवस पण मोडला नाही, ही शर्थच म्हणावी! आणि स्वारी चालली, हिरड्या-जांभळांचे दाट रान लागले, शेकरू डोकीवरून उड्या मारीत गेले, ओढ्याचे पाणी गाळून प्याले, आणि दगडांवर कोणा भल्या माणसांनी चुन्याचे पांढरे बाण काढिले होते त्यांच्या आधाराने मजला केल्या. तेरावे दिवशी आघाडी रावसाहेबांची. फाटा आला, बाण उजवीकडे, आणि रावसाहेब सरळ डावीकडे वळले. बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. वाट चुकली तर चुको, माणूस दुखावू नये, ऐसे मनी आणून मुकाट मागे चालल्या. मग दोन प्रहर टळले, पाणी सरले, कारवी विरळ जाहली आणि खालून वारा येऊ लागला. पुढे कडा! बाईंनी पाहिला, रावसाहेबांची पावले मात्र तैशीच पडत होती. मग कसला करार आणि कसले काय, बाई "अहो, थांबा!" ऐसे किंचाळल्या, सॅकेचा पट्टा धरून मागे ओढिले, आणि उभयतां गवतात आदळली. एक धोंडा सुटून खाली गेला. त्याचा आवाज बहुत वेळाने आला.

श्वास जागेवर आल्यावर बाई बोलिल्या, "फाट्यावरचा बाण दिसला नाही तुम्हांला?"

"कुठला बाण?"

"हा एवढा मोठा!"

राव सावरून बसले. मग म्हणाले, "आठ दिवस झाले, शरयू. बाण दिसत नाहीत. पायाखाली घट्ट लागलं की वाट, पाला वाजला की रान, असं चालतोय."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर घरी नेलं असतंस. पण तुला दिसला होता ना बाण? तू का गं नाही बोललीस?"

बाई जन्मभर नको तेथे बोलल्या, आणि हवे तेथे दातखीळ बसली! "जळलं मेलं ते कलम," म्हणून त्या हमसून रडल्या. राव बोलिले, "परतू या. बघायला डोळेच नाहीत तर खिंडीत जाऊन करू काय?" तेव्हां बाई उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इथवर गुडघे झिजवले ते काय परतायला? उठा." मग जुने कलम रद्द जाहले. आघाडी बाईंची कायम, रावांचा हात बाईंच्या सॅकेवर, आणि एकमेकांपासून काही लपवू नये, ऐशी शपथ घेतली. दुसरे दिवशी धनगरवाड्यावर ताक मागितले, तेथील ठकूबाई तो हात पाहून म्हणाली, "काय गं, म्हाताऱ्याला दाव्याला बांधलंस व्हय?" बाई म्हणाल्या, "मी कुठं? त्यांनीच धरलंय." आणि तिघेही हसली.

बाविसावे दिवशी स्वारी खिंडीत पोहोंचली. पाहतात तों चहूंकडे धुके, दुधात बुडविल्यागत. रावांनी विचारिले, "काय दिसतंय?" बाईंचा जीव तुटला. इतक्या कष्टाने आणिले आणि दाखवावयास काही नाही! मग बोलिल्या, "सगळं दिसतंय हो. पहिली रांग काळीशार, तिच्यामागे निळी..."

राव ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "शरयू, मिशा ओल्या झाल्या माझ्या. धुकं आहे ना?"

"आहे," बाई बोलिल्या. "माझं मलाच बोट दिसत नाही."

"बरं," राव म्हणाले, आणि तेथेच धोंड्यावर बैसले. "निळीच्या मागे काय आहे?"

मग बाई सांगत गेल्या. धुके उठले नाही.

हकीकत इतकीच. शपथ घेतल्यापासून नवव्या दिवशी मोडली, त्याचा गुन्हा दरबारी धरिला नाही. नेत्र चैत्रात गेले. राज्य चालू आहे.