छपराकडे गेलेली शाळा

जनतेच्या पैशाला सगळ्यात मोठा धोका जनतेपासून असतो. चोर परवडला; तो एकदाच येतो आणि अर्ज करत नाही. जनता मात्र रोज येते, सोबत दोन झेरॉक्स आणते आणि वर ‘आमचाच पैसा हाय’ असं ऐकवते. अशा वातावरणात सरकारी तिजोरी सुखरूप राहते, ती केवळ अर्थ विभागामुळे.

आमच्या तालुक्याच्या अर्थ विभागाचा मी जुना भक्त आहे. भीमेच्या एका काठाला आमचा तालुका, पलीकडे दुसरा. यातला शिरूर कोणता आणि दौंड कोणता, हे मी सांगणार नाही. शिरूरकर हा किस्सा दौंडचा समजून वाचतील, दौंडकर शिरूरचा समजून, आणि दोन्हीकडे तो मजेत वाचला जाईल.

विभागाचे प्रमुख शंकरराव म्हणजे देवमाणूस. उभ्या नोकरीत त्यांनी स्वतः एक पैसा खाल्ला नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळूही दिला नाही. आकडेच बोलतात. एका वर्षी अर्ज आले शंभर, त्रुटी काढून परत गेले एकशे सहा (सहा जणांना दोनदा मान मिळाला). कपाटं भरली तेव्हा नव्या कपाटासाठी त्यांनी स्वतःच अर्ज केला आणि स्वतःच त्यात त्रुटी काढली. आपपरभाव नाही.

मी गावच्या शाळा समितीचा सदस्य. (पद मानाचं आहे, बसायला पोतं घरून न्यावं लागतं.) दोन हजार सालच्या मे महिन्यात वळवाचं वादळ आलं आणि शाळेचे पत्रे उडाले. उडाले म्हणजे थेट नदी ओलांडून पलीकडच्या तालुक्यात, सावळाराम आप्पांच्या उसात जाऊन पडले. आप्पा तिकडच्या दूध सोसायटीचे चेअरमन. आभाळातून आलेलं परत कुठं करायचं, असा विचार करून त्यांनी ते नव्या गोठ्यावर ठोकले. आमच्या शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की पलीकडे गोठ्याच्या छपरावर ‘प्राथमिक शाळा’ ही लाल अक्षरं स्वच्छ दिसायची. आमच्या शिक्षिका सबीनाबाई पहिलीच्या पोरांना ती वाचायला लावत. तेवढाच छपराचा उपयोग.

बाईंचं मागणं एकच होतं: पाऊस लागायच्या आत वर्गाला छप्पर मिळावं. आम्ही दोघं शंकररावांकडे गेलो.

“नवे पत्रे मिळतील की,” शंकरराव म्हणाले. “आधी जुने निर्लेखित करा. जुने असताना नवे दिले तर एका शाळेला दोन छपरं होतील. उद्या सगळ्याच शाळा दोन-दोन मागतील.”

“साहेब, जुने राहिलेच नाहीत. उडाले.”

“उडाले म्हणजे नष्ट झाले नाहीत, बाई. नष्ट झाले असतील तर इथं आणून जमा करा.”

निर्लेखन म्हणजे एखादी वस्तू मेली असं सरकारनं मान्य करणं. त्यासाठी मयताला समक्ष हजर राहावं लागतं. माणसांच्या बाबतीत ही अट थोडी ढिली आहे, पण पत्र्यांना सवलत नाही. आम्ही पत्रे आणायला नदीपलीकडे गेलो.

आप्पांनी चहा पाजला आणि ते खरोखर गहिवरले. “पोरांचं छप्पर ठिवून मला काय करायचं हाय? आत्ता काढून दिलं आसतं. पन त्याच्यावर गोठ्याचं अनुदान उचललंय म्या. सायेब येऊन पत्रं मोजून गेलं. येक जरी हालला तर मला आत टाकत्याल.”

थोडक्यात, आमच्या तालुक्यात जे पत्रे मेले नव्हते, ते पलीकडच्या तालुक्यात नव्यानं जन्मले होते. दोन्ही अर्थ विभाग सारखेच दक्ष होते. मध्ये फक्त नदी होती, आणि नदीला खर्चाचं कसलंच लेखाशीर्ष मंजूर नव्हतं.

तो पावसाळा शाळेनं पिठाच्या गिरणीच्या पडवीत काढला. पोरं सकाळी काळीसावळी यायची आणि दुपारी पांढरीफटक घरी जायची. गिरणीच्या आवाजात पाढे ऐकू येत नसत, त्यामुळे चुकतही नसत. पडवीला तीन बाजूंनी झड यायची. पाशाभाईंची मेहक, दुसरीतली पोर, भिजून भिजून महिनाभर तापानं पडली. तिची आई हमीदा सबीनाबाईंकडे नुसती बघत राहिली. बाई त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून रडल्या. मला शंकररावांचा राग आला, हे कबूल करतो. भक्ताला असा राग शोभत नाही.

पण शंकरराव झोपलेले नव्हते. आठ महिने विचार करून, फेब्रुवारीत त्यांनी तोडगा काढला. पत्रे शाळेकडे येऊ शकत नाहीत हे खरं. पण शाळेनं पत्र्यांकडे जाऊ नये असं कोणत्याही नियमात म्हटलेलं नाही! खर्च निरंक. बंधाऱ्यावरून चालत पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाता येत होतं. शाळा आप्पांच्या गोठ्यात भरू लागली, आणि म्हशींना कुठंतरी ठेवायचं म्हणून त्या आमच्या शाळेच्या चार भिंतींत आल्या. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मार्च आला. अर्थ विभागाला पैसा अकरा महिने वाचवायचा असतो आणि बाराव्या महिन्यात संपवायचा असतो. नाही संपला तर तो वर परत जातो, आणि पैसा परत जाणं यासारखी नामुष्की नाही. त्या साली गोठे दुरुस्तीचा निधी जसाच्या तसा पडून होता. अशात कुणीतरी शंकररावांच्या कानावर घातलं की आपल्या तालुक्यात काही म्हशी बिनछपराच्या इमारतीत उभ्या आहेत. शंकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांत निळे कोरे पत्रे बसले, पन्हाळ लागली, सिमेंटचा हौद झाला. उद्घाटनाला नारळ फोडून पहिला हार म्हशीच्या गळ्यात घातला. (दुसरा हार सभापतींसाठी होता. तोही तिनं खाल्ला.)

जूनमध्ये धरणाचं पाणी सुटलं आणि बंधारा बुडाला. पोरं इकडे, शाळा तिकडे. सबीनाबाईंनी मात्र यावेळी कुणाला विचारलं नाही. त्यांनी पोरांना उचललं आणि जुन्या शाळेत, म्हणजे नव्या गोठ्यात नेऊन बसवलं. एका अंगाला म्हशी, दुसऱ्या अंगाला चौथीपर्यंतचे वर्ग. डोक्यावर कोरडं छप्पर. मेहक पहिल्या रांगेत बसली.

जुलैत वरून तपासणी पथक आलं. शंकरराव सोबत होते. बाहेर मुसळधार. पथकानं आधी म्हशी मोजल्या, त्या बरोबर भरल्या. मग पोरं मोजली आणि पथकप्रमुखांचा चेहरा बदलला.

“गोठ्याचा लाभ जनावरांशिवाय कुणाला देता येत नाही. ही मुलं आत्ता बाहेर काढा, नाहीतर छपराचे पैसे वसूल होतील.”

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. शंकररावांच्या कपाळावर घाम आला. त्यांच्या आयुष्यात वसुली हा शब्द दुसऱ्यांसाठी होता. तेवढ्यात मेहकला छत्री द्यायला आलेली हमीदा पुढं झाली.

“सायेब, आत पोरगी भिजत न्हाई न्हवं? मंग रेडकू म्हनून लिवा की तिला. आमी कुठं न्हाई म्हनतोय?”

मग शंकरराव हळूच म्हणाले, “पालकांची हरकत नसल्यास अडचण दिसत नाही.”

कुणाचीच हरकत नव्हती. पप्पूचा बाप दगडोबा पळत येऊन सही करून गेला. पोराला तो घरी तसंही रेडाच म्हणायचा. दप्तरी नोंद झाली: म्हशी दहा, रेडकं अडतीस, दूध निरंक. पथक समाधानानं चहाला गेलं आणि बाईंनी सातचा पाढा पुढं सुरू केला. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आमची दोन रेडकं पास झाली.

ही हकीकत सांगितली की शिकलेली माणसं पोट धरून हसतात. आईनं पोटच्या पोरीला जनावर लिहून दिलं, काय हे अडाणी लोक! तुम्हीही हसला असाल. हसा. हसून झालं की कपाटातून तुमचा उत्पन्नाचा दाखला काढा, तो, पोराच्या फी-सवलतीसाठी तलाठ्याला चहा पाजून आणलेला. वार्षिक उत्पन्न अकरा हजार, बरोबर? खाली सही तुमचीच आहे.

हमीदानं सही केली तेव्हा बाहेर पाऊस पडत होता. तुमच्या डोक्यावर तर स्लॅब होता.