भावकीचा बॅकअप

चांगदेव गुरुजींचा कंप्युटर शिमग्याच्या आदल्या आठवड्यात टकटक करू लागला. साळुबाईंना आधी वाटलं, कपाटामागं पाल चुकचुकतेय. त्यांनी झाडूचा दांडा आपटून पाहिला, तरी टकटक थांबेना. मग कंप्युटरवरचं क्रोशाचं झाकण उचलून त्यांनी कान लावला आणि परसाकडं तोंड करून हाक मारली, "अहो, तुमच्या पूर्वजांना ठसका लागलाय!"

गुरुजी हातातली बादली टाकून धावले. धावतानाही चपला खोलीबाहेर काढायला विसरले नाहीत. दोन हजार सहा सालीसुद्धा पिंपळमळ्यात कंप्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नसे. त्यातून ह्या कंप्युटरच्या पोटात गुरुजींची आठ वर्षं होती. निवृत्त झाल्यापासून ते महाळुंगे पडवळ, अवसरी, थेट घाटघरपर्यंत एसटीनं फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून भावकीची वंशावळ गोळा करत होते. बारा पिढ्या आणि बाराशे चाळीस पुरुष भरले होते. चैत्रातल्या यात्रेत पुस्तक निघायचं होतं.

पुस्तकाची वाट सगळा मळा बघत होता, पण वाचायची हौस म्हणून नव्हे. मळा ज्यानं वसवला त्या मूळपुरुषाला रखमाजी, कुशाबा आणि गेणू असे तीन मुलगे. त्यांच्या तीन पात्या, म्हणजे शाखा. यात्रेत शर्यतीच्या घाटात पहिला बैलगाडा थोरल्या पातीचा, हा मान. मात्र थोरली पाती कोणती, यावर दर वर्षी घाटात बैलांआधी माणसंच पळायची, एकमेकांच्या मागं. शेवटी पंचांनी ठरवलं होतं, की गुरुजींचं पुस्तक सांगेल तो थोरला. पुस्तक निघेपर्यंत आत काय आहे हे गुरुजींनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"वह्या तरी ठेवायच्या हुत्या," साळुबाई म्हणाल्या. "सगळं कंप्युटरात चढलं म्हणून बंबात घातल्यात. महिनाभर आंघोळीचं पाणी पूर्वजांवर तापलं."

गुरुजींनी मंचरला स्नेहाला फोन लावला. स्नेहा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिचा मंचरला कंप्युटरचा क्लास होता. तिनं फोनवरच टकटक ऐकली.

"गुरुजी, आतली डिस्क जायला लागलीय. बाहेरून जोडायची डिस्क मिळते, तिच्यावर आजच्या आज कॉपी काढा. मी घेऊन येऊ का?"

दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. पण गुरुजी भावकीतले होते. वंशावळ भावकीची, तिची प्रत भावकीला न विचारता काढली तर उद्या चोरी ठरायची. त्यांनी मारुतीच्या देवळात बैठक बोलावली.

स्नेहा तीन नमुने घेऊन आली. एक बोटाएवढा पेनड्राइव्ह, एक तळहाताएवढी डिस्क आणि एक विटेएवढी, स्वतःची वायर आणि प्लग असलेली. रखमाजीच्या पातीचा हौशीराम पुढं सरकला. त्याच्या दारात चार शर्यतीचे बैल होते आणि आवाज पाचव्या बैलाचा होता. त्यानं पेनड्राइव्ह चिमटीत धरला.

"म्याडम, ह्यात बारा पिढ्या?"

"ह्यात शंभर भावक्या मावतील. खरं तर तुमची सगळी वंशावळ एका फ्लॉपीतसुद्धा बसेल."

 स्नेहाला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

"म्हंजी आमची भावकी एवढीशी?" हौशीराम म्हणाला. "बाराशे माणूस हाय आमचं. उद्या सोयऱ्यांनी इचारलं, दावा वंशावळ, तर काय खिशातून लायटर काढल्यागत काढायचं?"

"आन् सदऱ्यासंगं धुतलं म्हंजी?" गेणूच्या पातीचा कुंडलिक म्हणाला. हौशीरामशी त्याचं एकमत झालेलं मळ्यानं वीस वर्षांत प्रथमच पाहिलं. "जरा वजनदार काढा, राव. हातात घेतली तर वाटलं पायजे, की हा, पूर्वज हायेत."

विटेएवढी डिस्क हातोहात फिरली. म्हाताऱ्यांनी ती तोलून पाहिली, एकानं वास घेतला. पसंत पडली.

"पण ही वेगळ्या विजेवर चालते," स्नेहा म्हणाली. "तुमच्याकडं तर आठ आठ तास वीज नसते."

"पूर्वजांना कुठं घाई हाय?" कुंडलिक म्हणाला.

डिस्क ठरली, तसा खरा प्रश्न निघाला. ती कोणाच्या घरी राहणार? हौशीराम म्हणाला, आमच्या. कुंडलिक म्हणाला, मग देऊळ काय वाईट आहे? देवळाची किल्ली कुंडलिकाकडं होती, म्हणून हौशीराम उठून उभा राहिला. शेवटी दोन डिस्क घ्यायच्या ठरल्या.

"आणि तिसरी?" गुरुजींनी विचारलं. ते स्वतः कुशाबाच्या पातीचे.

"तुमाला कशापायी?" दोघं एकदम म्हणाले. "तुमच्याकडं आख्खा कंप्युटर हाय की!"

स्नेहानं कपाळाला हात लावला. कुठलीही गोष्ट एकाच जागी ठेवायची नसते, तिची दुसरी कॉपी हवीच, हे तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण बैठक उठली होती.

दोन डिस्क यायला तीन आठवडे गेले. हौशीरामनं ऐंशी जीबीची सांगितली, हे कळल्यावर कुंडलिकनं एकशेवीसची सांगितली. मग हौशीरामनं आपली परत पाठवून एकशेसाठची मागवली. गावात कोणाला जीबी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण कोणाची किती हे शेंबड्या पोराला पाठ होतं. इकडं गुरुजींच्या खोलीतली टकटक वाढत चालली आणि स्नेहा फोनवर 'आधी दुसरी कॉपी काढा' म्हणत राहिली. गुरुजी दिवसातून चारदा डब्याला हात लावून ताप बघत.

एकदाच्या डिस्क आल्या. त्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, वीज आली आणि स्नेहानं वंशावळ दोन्हींवर उतरवली. काम अर्ध्या मिनिटात संपलं. हौशीराम नाराज झाला.

"एवढ्यातच? आठ वर्षांचं काम हाय म्याडम, नीट बघा, काय ऱ्हायलं बियलं."

पाचव्या दिवशी टकटक थांबली. साळुबाई म्हणाल्या, "बरं वाटलं वाटतं त्याला." गुरुजींनी बटण दाबलं. कंप्युटर काळाठिक्कर. स्नेहा येऊन बघून गेली आणि मान हलवून म्हणाली, "गेली डिस्क." साळुबाईंनी क्रोशाचं झाकण धुवून वाळत घातलं. यात्रेला बारा दिवस उरले होते.

"काळजी नाही," गुरुजी म्हणाले. "दोन प्रती आहेत." आणि ते आधी हौशीरामकडून, मग कुंडलिकाकडून डिस्क घेऊन मंचरला स्नेहाच्या क्लासात गेले.

हौशीरामच्या डिस्कवरची वंशावळ उघडली. रखमाजी थोरला. ठीक होतं, गुरुजींनीही तेच लिहिलं होतं. पण गेणूच्या नावापुढं एक नवीन ओळ होती, 'हा मूळचा घाटघरचा, घरजावई म्हणून आला.' गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. कुंडलिकाची डिस्क लावली. तिच्यात गेणू थोरला होता. रखमाजीपुढं लिहिलं होतं, 'लहानपणीच देवाघरी गेला.' रखमाजीच्या पातीतले चारशे दहा लोक, हौशीराम आणि त्याच्या चार बैलांसकट, जन्मालाच आले नव्हते.

गुरुजींच्या फाइलीला कुलूप नव्हतं आणि मंचरात सायबर कॅफे तीन होते.

दोन डिस्कचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. दोन्हींत कुशाबा सगळ्यांत धाकटा होता. गुरुजी सगळ्यांत जास्त तापले ते ह्यावर.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. म्हणजे बसली कमी आणि उभीच जास्त होती.

"लाज वाटत नाही? आठ वर्षं उन्हातान्हात फिरलो मी!" गुरुजींचा आवाज चिरकला. "वंशावळ ही पवित्र गोष्ट आहे. तिच्यात अक्षर बदलणं म्हणजे आईबापाचं नाव बदलणं!"

"म्या काय न्हाय बदललं," कुंडलिक म्हणाला. "म्या फकस्त शुद्धलेखन तपासलं."

"मला लहानपणीच मारलं, हे बी शुद्धलेखन का रं कुंडलिक?" हौशीराम गरजला.

"तुला न्हाय, तुझ्या खापरपणज्याला. आन् मला घरजावयाची अवलाद केलंस, ते?"

"आणि कुशाबाला धाकटा कोणी केला?" गुरुजी ओरडले. "तो मधला होता. मधला!"

पंचांनी हात वर केले. पुस्तक नाही, प्रती खोट्या, कंप्युटर मेलेला. यंदा घाटात काय होणार, हे कळायला ज्योतिषी नको होता. तेवढ्यात गुरुजींना फोन आला म्हणून घरून निरोप आला. गुरुजी घरी धावले. फोन स्नेहाचा होता.

"गुरुजी, क्लासातलं कपाट आवरताना एक सीडी सापडली. नव्याण्णव साली तुमच्याकडं कंप्युटर नव्हता, तेव्हा तुमची पहिली वही आमच्याकडंच टाइप केली होती ना? ती आहे. सुरुवातीच्या चार पिढ्या."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिघे भाऊ ह्या चार पिढ्यांतच होते. ते देवळात परत आले आणि छाती काढून म्हणाले, "चला मंचरला. सगळ्यांसमोर उघडू. अस्सल प्रत आहे, तिला कोणाचा हात लागलेला नाही!"

एका जीपमध्ये तिन्ही पात्या कोंबल्या. साळुबाईही चष्म्याची काडी बसवून घ्यायची म्हणून निघाल्या. स्नेहानं सीडी आत सरकवली. सगळे पंख्याखाली पडद्याकडं वाकले. हौशीराम बोट ठेवून वाचू लागला.

"रखमाजी... गेणू... आन् कुशाबा, कंसात, सगळ्यांत धाकटा."

 हौशीरामनं वळून गुरुजींकडं पाहिलं.

"शुद्धलेखन का, गुरुजी?"

"तो... नंतरच्या संशोधनात..." गुरुजी चष्मा पुसू लागले. "मी काही एकदम थोरला नाही केला त्याला. मधलाच केला."

"आईबापाचं नाव बदलणं म्हंतात ह्येला," कुंडलिक म्हणाला आणि हौशीरामच्या पाठीवर थाप मारून हसू लागला. दोघं हसून हसून खुर्चीवर बसले. रखमाजी थोरला निघाला होता, त्यामुळं हौशीराम जास्त हसत होता.

"थांबा की," साळुबाई म्हणाल्या. त्या अजून वाचतच होत्या, मोडक्या काडीचा चष्मा हातानं धरून. "रखमाजीच्या म्होरं दोन आकडा हाय. येक नंबर कुठाय?"

स्नेहानं पान वर सरकवलं. 'एक. आक्काबाई. थोरली. लग्न घाटघरला. वडील वारल्यावर माहेरी राहून तिन्ही भाऊ वाढवले. पिंपळमळ्याची जमीन वडिलांनी हिच्या नावे केलेली. वंश घाटघरला नांदतो.'

हसणं थांबलं.

"हे कुठं गेलं हुतं?" साळुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"वंशावळीत बायकांची नावं घेत नाहीत," गुरुजी पुटपुटले. "पद्धत आहे."

"म्हंजी पहिला गाडा घाटघरवाल्यांचा?" कुंडलिक हळू आवाजात म्हणाला.

"गाड्याचं काय घिऊन बसला," हौशीरामचा आवाज पहिल्यांदाच माणसाचा वाटला. "जमीन म्हंतो मी. ह्यो मळा..."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन विटा, तीन आठवडे आणि दोन बैठका घालवून जी एकी झाली नव्हती, ती पंख्याच्या एका फेऱ्यात झाली. हौशीरामनं सीडी बाहेर काढायला लावली, कुंडलिकनं ती दोन्ही हातांनी वाकवली आणि गुरुजींनी तुकडे वेचून खिशात घातले.

"पुस्तक पुढल्या साली बघू," गुरुजी म्हणाले.

"घाई काय हाय," हौशीराम म्हणाला. "यंदा चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठी लई चांगली."

तिघे दारापर्यंत गेले. तिथं गुरुजी थबकले, मागं वळले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "स्नेहा, ह्या सीडीची दुसरी कॉपी तर नाही ना कुठं?"

स्नेहानं आधी साळुबाईंकडं पाहिलं, मग गुरुजींकडं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तीन आठवडे तुम्हाला मी काय सांगत होते?"