दौलतच्या पायांचा हुकूम

आमच्या पेठेतल्या दौलत शिंप्याचे पाय मिलट्रीत हायेत. बाकीचा दौलत पोपटशेठच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतो.

पायांची तिकडची नोकरी राखीव फौजेतली. दहा महिने इथं मशीन मारायचं, दोन महिने तिकडं कवायत. हुकूम आला की पाय बूट घालून येष्टीत बसतात. कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो.

यंदा हुकूम आला एप्रिलात. जूनला शाळा उघडायची, चारशे चड्ड्या शिवायच्या राहिलेल्या. पाय गेले. मेव्हण्यानं दौलतला सायकलवरनं आणून स्टुलावर ठेवला. पण मशीन पायाचं, नुसत्या हातानं काय हुणार?

पोपटशेठ म्हणाले, "दौलत, देशाला माझी ना न्हाई. पण पोरं उघडी धाडू का शाळंत? सोमवारी तुझ्या जागी दुसरा बसवतो."

"नऊ वर्सं झाली शेठ ह्या मशीनवर." दौलत म्हणाला. "पायांना माघारी बोलवू का?"

"नको बाबा. पळून आले म्हणून धरतील त्यांना."

मी तिथंच काजंबटणं करते. म्हटलं, "शेठ, माझे घ्या. एकाहत्तर वर्सांचे हायेत, पण नुसतेच दुखत पडलेत."

शेठनी चष्मा पुसून पाय बघितले. "जोडवी काढावी लागतील."

"म्हातारा जिता हाय माझा. जोडवी ऱ्हातील."

शेठनी हजेरीत लिहिलं, सगुणाबाई, वरची काजंबटणांवर, खालची दौलतकडं.

झालं सुरू. सांजच्याला पाय मागून घ्यायची अन् घरी जायची. मधीच लहर आली की पायांना खुणवायची, उलटं फिरवा. दौलतचा दोरा तटकन तुटायचा.

"आक्के!"

"मी कुठं रं? मी तर हितं बसलीया."

पण चारशे चड्ड्या झाल्या. दौलतची जागा ऱ्हायली.

जूनात त्याचे पाय परतले, रापलेले. माझ्या पायांपुढं टाचा जुळवून उभेच ऱ्हायले. दौलत डोळे पुसत हुता. त्यांनी संगं लखोटा आणलेला, माझ्या पायांच्या नावाचा. दौलतनं वाचला. राखीवाचे राखीव म्हणून भरती, पुढल्या एप्रिलात हजर व्हा.

"अन् मशीन कोण मारणार?" शेठ म्हणाले.

मी अन् दौलत शेठच्या पायांकडं बघत बसलो.

शेठनी चपला काढल्या, खाली वाकून हळूच इचारलं, "जमंल का रं?"