किसनरावांनी वाचवलेली जागा

"माणसं कशी चालवावीत, हे देवतळ्यांकडून शिका!" असं स्वतः देवतळेच सांगत. किसनराव देवतळे हे यवतमाळात बसस्टँडमागे असलेल्या एका रोजगार कचेरीचे अधिकारी. बेकारांची नावं नोंदवायची आणि कुठं नोकरी निघाली की त्यांना बोलावणं धाडायचं, एवढं कचेरीचं काम. ते करायला माणसं दोन. हुकूम देणारे किसनराव आणि बाकी सगळं करणारा कारकून घनश्याम!

बासष्ट सालच्या जानेवारीत नागपूरहून निरोप आला, की नव्या अंदाजपत्रकात दोनातली एक जागा कापायची आहे. साहेब शुक्रवारी येतील, काम बघतील आणि ठरवतील. जागा दोन्ही हंगामीच होत्या. पण कापलीच तर अधिकाऱ्याची कापतील, असं किसनरावांच्या स्वप्नातही येईना.

घनश्यामचं तोंड मात्र एवढंसं झालं. उमरखेडची मुलगी ठरली होती आणि मुलीच्या बापानं बजावलं होतं, "नोकरी राह्यली त हळद, नाही त राम राम!"

"अबे, मी मेलो काय?" किसनराव गरजले. "अंदाजपत्रक म्हंजे पोळ्याचा बैल! सजवल्याबिगर तोरणाखाली कोनी नेते काय? गर्दी दाखवू, गर्दी! साहेबाले तू घामाघूम दिसला पायजे."

बोलून तर बसले, पण गर्दी आणायची कुठून? कापूस वेचणीचे दिवस. कचेरीत चिटपाखरू फिरकत नव्हतं. किसनरावांनी सायकल काढली आणि जवळच्या बंजारा तांड्यावर जाऊन खेमसिंग नाईकांना गाठलं. तांड्यात नाईकांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे.

"नाईक, शुक्रवारी पंधरा-वीस पोट्टे नाव नोंदवाले पाठवा. घनश्यामच्या लग्नाचा सवाल हाये."

"लग्नाचा?" खेमसिंग खाटेवरून ताडकन उठले. "मंग पंधरा-वीस कायले? लग्नाच्या कामाले आमचा तांडा अर्धा जात नसते, साहेब!"

"पन तुमची वेचनी?"

"बोंडं कुठी पळून जातेत? पोट्ट्याची हळद काहून थांबवाची?"

किसनरावांना गहिवरून आलं. येताना ते सायकलवर चक्क गाणं म्हणत होते!

शुक्रवारी सकाळी झेंडूचा हार घेऊन ते साहेबांना आणायला स्टँडवर उभे राहिले. एक बस आली, साहेब नाहीत. दुसरी आली, तरी नाहीत. उन्हात हार कोमेजला, किसनरावही कोमेजले. शेवटी कोणीतरी सांगितलं, की साहेब जीपनं येऊन कधीचे कचेरीत बसले आहेत!

किसनराव धावत सुटले. बघतात तो काय, कचेरीसमोर रस्ताच दिसेना! अख्खा तांडा लोटला होता. म्हातारेकोतारे, आरशांचे घागरे घातलेल्या बाया, कडेवरची पोरं, भाकरीची गाठोडी, दोन शेळ्या आणि लग्नाचं काम म्हणून एक डफडंसुद्धा!

"बाजूला व्हा! मी अधिकारी हाये!"

"हाव, मीबी अधिकारीच व्हाले आली," रांगेच्या टोकाला बसलेली म्हातारी रुपीबाई म्हणाली. तोंडात एकही दात नव्हता तिच्या. "बसा मांगं! घुसाचं नाही, नाइकाचा हुकूम हाये."

"अवं माय, मी खरंच अधिकारी!"

"इथं खोटं कोन हाये?"

सगळी लाइन हसली. किसनराव मुकाट्यानं मागं बसले. तेवढ्यात एका शेळीनं हार ओढला आणि साहेबांच्या गळ्यात पडायचा तो तिच्या गळ्याखाली उतरला.

रांगेनं सरकत सरकत ते एकदाचे आत पोचले. दारात उभं राहून खेमसिंग एकेका घराला पुढं सोडत होते. घनश्याम मान वर न करता लिहीत होता. आणि किसनरावांच्या खुर्चीत बसून साहेब तांड्यावरची भाकरी-चटणी खात होते.

"आपण?" साहेबांनी विचारलं.

"किसनराव देवतळे. अधिकारी."

"अस्सं! मी सकाळपासून बसलोय. काय ही शिस्त! काय हे काम! अख्ख्या विदर्भात असं ऑफिस पाहिलं नाही. कारकुनाची जागा कायम!"

"पाह्यलं, घनश्याम?" किसनरावांनी उडीच मारली.

"आणि दोनातली एक कापायचीच होती," साहेबांनी हात पुसले, "तेही सोपं झालं. तुमच्यावाचून इथं कुणाचं काही अडलंच नाही."

'कायम' हा शब्द बाहेर पोचला होता. डफडं वाजू लागलं.

घनश्यामनं टाक खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले. "साहेब, मले नाही पायजे अशी जागा."

"चूप बस!" किसनराव ओरडले. "इतके लोक वेचनी सोडून आले तुह्या हळदीसाठी! त्यायले काय सांगू, नवरदेव रुसला म्हनून?"

खरं सांगायचं तर नोकरी गेल्याचं दुःख त्यांना झालंच. पण त्याहून मोठा होता तो घनश्यामची जागा टिकल्याचा आनंद, आणि तो लपवता येईना.

वैशाखात उमरखेडला लग्न लागलं. तांडा अख्खा हजर! किसनरावांना मानाचा फेटा बांधला. मुलीच्या बापानं स्वतः त्यांच्या पानावर जिलेबी वाढली आणि अदबीनं विचारलं, "तुमी जावयाचे साहेब ना? सध्या कुठी असता?"

किसनराव खाकरले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "मी होय? सध्या तुमच्या जावयाकडं नाव नोंदवून बसलो हावो. तेवढं त्याच्या कानावर घालजा!"