कॅप्टन टॉरेंट आणि तुंबलेलं सिंक

"आण बाबा तुझं ते कॉमिक," बर्निस पालुबा सोफ्यावरून म्हणाली, "पण एकच आण. आवडलं तर पुढचं वाचीन. नाही आवडलं, तर 'एकदा वाचून तर बघ' हे वाक्य या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये."

लॉइडच्या हातातला कॉफीचा मग तिरका झाला. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं तो हेच वाक्य म्हणत दाताच्या कण्या करत होता. बर्निसचा घोटा दारातल्या बर्फावर मोडला, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, टीव्हीवरच्या सगळ्या खुनांचा छडा तिचा पोलिसांच्या आधी लावून झाला आणि कुठेच जाता येईना, तेव्हा कुठे हा योग आला. लॉइड अमेरिकेतल्या पार्मा गावात शहर बस चालवायचा. तळघरात त्याची सुपरहिरोंची कॉमिकं लांबट खोक्यांतून छतापर्यंत रचलेली होती. पण त्यांतल्या एका पानाबद्दलही घरात बोलायला कुणी नव्हतं. जेवताना हवा, मुलीचा फोन आणि मिठाचं प्रमाण एवढेच विषय. जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, तिच्याशी सगळ्यात आवडीचं बोलता येऊ नये, याचं त्याला खरंखुरं दुःख होतं.

आणि आता एकच संधी, एकच अंक. लॉइडला घाम फुटला.

बुधवारी नवे अंक येतात. त्या दिवशी ड्वेनच्या कॉमिकच्या दुकानात नेहमीची मंडळी हजर असतातच. लॉइडने प्रश्न टाकला, "अजिबात न वाचलेल्या माणसाला कुठलं द्यावं?" आणि मग तो पस्तावला.

"पहिला अंक दे, सोपं आहे," इस्पितळातून थेट आलेली नर्स टनीशा म्हणाली.

"कुठला पहिला?" ऑगी गुरगुरला. हा पोस्टातून निवृत्त झालेला, आणि लॉइडचा लाडका सुपरहिरो कॅप्टन टॉरेंट, या विषयातला शेवटचा शब्द त्याचाच, असं तो स्वतःच सांगायचा. "पहिला अंक आतापर्यंत नऊ वेळा निघालाय. दर वेळी वाटतं, आता सुरुवात. दर वेळी आधीचं सगळं माहीत असावं लागतं."

"मग नवीन चालू असलेलं?" ड्वेनने विचारलं.

"नव्यात कॅप्टन मेलेला आहे."

"परवाच जिवंत झाला की!"

"तो त्याचा मुलगा."

"मुलगा भविष्यातून आलेला ना? मग बाप मेलाच कसा?"

तासाभरात तिघांनी मिळून लॉइडसमोर गुडघाभर उंच ढीग रचला आणि हा 'फक्त पार्श्वभूमीसाठी' म्हणून सांगितलं. आजारी बाईला हलकंफुलकं काहीतरी द्यावं, तर हे तिला वकिलीच्या परीक्षेला बसवायला निघाले होते. लॉइड काकुळतीला आला. "अरे, तिला रडारड आवडत नाही. अर्ध्यात सोडलेली गोष्ट आवडत नाही. हिमवादळात पोहायचे कपडे घालून फिरणाऱ्या बायका तर मुळीच आवडत नाहीत."

मग ऑगीने टोपी काढली. "अठ्ठ्याऐंशी," तो हळूच म्हणाला. टॉरेंटचा अठ्ठ्याऐंशीवा अंक, ज्यात काळं पाणी शहरात घुसतं आणि कॅप्टनची नदी मरते. एका अंकात पूर्ण होणारी गोष्ट. हे वाचून डोळे ओले झाले नाहीत असा माणूस त्या दुकानात नव्हता. या दुकानात एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे ड्वेनने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली.

अठ्ठ्याऐंशी लॉइडच्या तळघरात होताच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो हात धुऊन, पुसून वर आणला. "कडेने धर. पान दुमडू नकोस. खाताना वाचू नकोस."

"बाळ आहे का ते?" बर्निस म्हणाली. "ठेव तिथे आणि जा. बस चुकेल तुझी."

"माझी बस कशी चुकेल? मीच चालवतो ती."

"म्हणून तर लोकांची चुकेल!"

लॉइडने पिशवी टेबलावर ठेवली आणि धावला. ठेवताना ती उलटी पडली, एवढंच काय ते झालं. पण पिशव्यांचा खर्च वाचवायला हे संग्राहक लोक एका पिशवीत दोन अंक घालतात, पाठीला पाठ लावून, मध्ये पुठ्ठा. अठ्ठ्याऐंशीच्या पाठीशी लॉइडने केव्हातरी एक भलतंच चोपडं सरकवून ठेवलं होतं, तेही टॉरेंटचं म्हणून. फार वर्षांपूर्वी नळाचं सामान विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाने ते फुकट वाटलं होतं. त्याचं नाव 'कॅप्टन टॉरेंट आणि तुंबलेलं सिंक'.

संध्याकाळी लॉइड घरी आला तो चोरपावलांनी. बर्निसने चष्मा कपाळावर सरकवला.

"वाचलं," ती म्हणाली. "दोनदा वाचलं."

लॉइडने खुर्ची पुढे ओढली. "रडलीस?"

"रडायचं काय त्यात? पण ते काळं पाणी गुडगुड करत वर येतं ना, तिथे मी पुस्तक लांब धरलं."

"काळं पाणी!" लॉइडचा आवाज चिरकला. "आणि कॅप्टन?"

"तुझा कॅप्टन काय करतो? उंटावरून शेळ्या हाकतो. नुसता झगा फडकवत उभा. सगळं काम करते ती बाई. बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घालते. खरी हिरो ती."

कोण बाई, हे लॉइडला पटकन आठवेना. धरणाचा दरवाजा बंद करणारी असेल. होती खरी एका चौकटीत, पाठमोरी.

"आणि सांगू का लॉइड? शत्रू बाहेरून येतच नाही. आपणच रोज थोडं थोडं ओततो. काही होत नाही, काही होत नाही, असं वाटतं. मग एक दिवस सगळं तुंबतं."

लॉइड तिच्याकडे बघतच राहिला. आपण तीस वर्षं एवढ्या खोल बाईशी मिठाबद्दल बोलत होतो, याची त्याला लाज वाटली. त्या रात्री ते जेवताना दीड तास बोलले. एकमेकांचं एकही वाक्य त्यांना कळलं नव्हतं, पण दोघांनाही फार मजा आली.

पुढच्या बुधवारी लॉइडने दुकानात हे सगळं छाती फुगवून सांगितलं. ऑगीने घरून आपली अठ्ठ्याऐंशीची प्रत आणली आणि त्या पाठमोऱ्या बाईची चौकट भिंगातून पाहिली.

"'आपणच ओततो'... अरे, म्हणजे काळं पाणी हे कॅप्टनचं अपराधीपण आहे!"

"न रडलेलं रडू आहे ते," टनीशा म्हणाली. "आमच्या वॉर्डात रोज बघते मी."

"आणि ती पाठमोरी का? कारण तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. आपणसुद्धा!" ड्वेन टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "शनिवारच्या कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात 'नव्या वाचकाने काय वाचावं' यावर या वर्षी बर्निसच बोलणार."

ते भाषण दर वर्षी ऑगी करायचा आणि मागच्या दोन रांगा झोपायच्या. ऑगीच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकली, पण तो म्हणाला, "बोलू दे. मी पहिल्या रांगेत बसतो. चुकली तर सांगायला."

मेळावा चर्चच्या हॉलमध्ये होता. ईस्टरच्या आधीच्या उपासात शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात, म्हणून आदल्या दिवशी तिथे गावजेवणाचे मासे तळले गेले होते आणि भिंतींनाही त्याचा वास होता. हा हॉल म्हणजे बर्निसचं राज्य. तिथलं स्वयंपाकघर तिच्या हुकमाखाली चालायचं. शनिवारी सकाळी टनीशा तिला गाडीतून आधीच घेऊन गेली. बर्निसने पुस्तक आपल्या पर्समध्ये टाकलं होतं. लॉइड मागाहून निघणार होता. निघताना त्याने ती रिकामी पिशवी उचलली, आणि ती रिकामी नव्हती. आत अठ्ठ्याऐंशी जसाच्या तसा, कोरा करकरीत.

लॉइडच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. गुडगुड करत वर येणारं काळं पाणी. कोपरापर्यंत हात. तुंबतं! अरे देवा, खरंच तुंबतं!

तो हॉलमध्ये पोचला तेव्हा बर्निसला व्यासपीठावर खुर्चीत बसवून झालं होतं. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर होता, समोर गच्च भरलेला हॉल, आणि पहिल्या रांगेत ऑगी, हाताची घडी घालून. अठ्ठ्याऐंशी कोटाखाली धरून लॉइड धापा टाकत तिच्यापाशी गेला. गुपचूप हातातलं बदलायचं आणि 'यातलंच बोल' म्हणायचं, एवढाच त्याचा बेत.

"बर्निस, जरा ऐक..."

"तू आलास!" ती म्हणाली. पोरीचा निकाल लागायच्या दिवशी असायचा तसा तिचा चेहरा उजळला होता. "तुझ्या या वेडात एवढी मजा असेल असं वाटलं नव्हतं रे. बस, मी सांगते सगळ्यांना."

लॉइडने कोटाची बटणं लावली आणि खाली जाऊन बसला. हसं झालं तर दोघांचं मिळून होऊ दे, असं त्याने ठरवलं.

बर्निसने घसा साफ केला. "तुम्ही म्हणता, नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी? मी इथून केली." आणि तिने पुस्तक उंच धरलं. मुखपृष्ठावर कॅप्टन टॉरेंट झगा सावरत एका सिंकात वाकून बघत होता.

मागचे लोक माना उंचावून बघू लागले. मग ऑगी हसला. "अहो बाई, हे तर फुकट वाटलेलं! नळवाल्याची जाहिरात आहे ती! अठ्ठ्याऐंशी कुठाय?"

हशा उसळला. बर्निसने लॉइडकडे पाहिलं. त्याचा पडलेला चेहरा बघताच तिला सगळं कळलं. तिचे कान लाल झाले. लॉइड उठून उभा राहिला, पण तिने त्याला हातानेच बसवलं आणि ऑगीकडे वळली.

"फुकट आहे हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे आहे का हे?"

"आहे म्हणजे? दोन प्रती आहेत!"

"वाचलंय?"

ऑगीने हाताची घडी सोडली. "ते... पिशवीत आहेत."

"म्हणजे वाचलं नाहीये. बरं, आणखी कुणाकडे आहे?" निम्म्या हॉलचे हात झरझर वर गेले. "आता ज्यांनी वाचलंय त्यांनीच हात वर ठेवा."

सगळे हात खाली आले. लॉइडचाही आला.

"मग ऐका," असं म्हणून बर्निसने चष्मा नाकावर आणला आणि वाचायला सुरुवात केली. मिसेस पीबडी रोज सकाळी बेकनची गरम चरबी सिंकात ओतते. पाइपातून चरबीसम्राट वाढत जातो. एका रविवारी, पाहुणे दारात असताना, तो काळं पाणी घेऊन वर येतो. शुक्रवारच्या तेलाशी ज्या बाईने वर्षानुवर्षं झुंज दिली, ती हे वाचत होती. चरबीसम्राटाचा आवाज तिने असा काढला, की पुढची पोरं आईला चिकटली. कॅप्टन लांबचलांब भाषण ठोकतो, तिथे तिने जांभई देऊन दाखवली आणि हॉल खदखदला. स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या बायका ॲप्रन बांधलेल्याच दारात येऊन उभ्या राहिल्या. मिसेस पीबडीने पाना घेऊन सिंकखाली मुसंडी मारली तेव्हा त्यांच्यातली एक ओरडली, "बादली ठेव आधी खाली!"

"ठेवलीय तिने!" बर्निसने पान सगळ्यांना दाखवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सम्राट वाहून गेला, पाहुणे जेवायला बसले आणि कॅप्टनला मिसेस पीबडीने भांडी पुसायला लावलं. आख्खा हॉल उठून उभा राहिला. सगळ्यात शेवटी ऑगी उठला, पण टाळ्या सगळ्यात जोरात त्याच्याच होत्या.

ड्वेनच्या टेबलापाशी ॲप्रनवाल्या बायकांची ही गर्दी झाली. "अशी बाई असलेलं दुसरं काय आहे तुझ्याकडे?" या सवालाने ड्वेन पुरता गोंधळला होता आणि टनीशा धावून धावून खोकी उपसत होती. कोपऱ्यात ऑगी आपल्या दोनांपैकी एका प्रतीची पिशवी नखाने उघडत होता.

घरी आल्यावर लॉइडने कोटातून अठ्ठ्याऐंशी काढून तिच्यापुढे ठेवला. "खरं म्हणजे हे द्यायचं होतं. करार एकाचाच होता. तू म्हणशील तसं."

"आवडलं तर पुढचं वाचीन, असं म्हटलं होतं ना मी? आण इकडे."

लॉइड स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलू लागला. एक बटाटा त्याने सोलून सोलून संपवूनच टाकला. शेवटी बाहेरून आवाज आला, "बरं आहे."

"बरं?" लॉइड सोलाणं घेऊनच बाहेर आला. "नुसतं बरं?"

"फार रडतो रे तुझा कॅप्टन."

"अगं, त्याची नदी मेली!"

"मग धरणाचा दरवाजा आधी नाही का बंद करायचा? ती बाई सांगत होती ना!"

"कुठे सांगत होती? एकाच चौकटीत आहे ती!"

"तेच म्हणतेय मी! आख्ख्या पुस्तकात अक्कल असलेली एकच बाई, आणि तिला एकच चौकट?"

"तुला कळलंच नाहीये ते!"

"मला? का तुला?"

आवाज चढत गेले. लॉइडने तळघरातून पुरावा म्हणून तीन खोकी वर आणली. बर्निसने कुबडीने दाखवून चौथं मागवलं. सोफा, टेबल, जमीन, सगळीकडे अंक पसरले, पिशव्या उडाल्या, पानं दुमडली. इतकी वर्षं त्या घरातून कधी चढा आवाज न ऐकलेल्या शेजारणीने काळजीने दार ठोठावलं.

"सगळं ठीक आहे ना हो?"

"उत्तम!" आतून लॉइडचा आनंदाने फुटलेला आवाज आला. "आम्ही भांडतोय!"