आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा नॉईज

"बाहेरचा फोटोग्राफर? आपल्या घरच्या कार्यक्रमाला? मी जिवंत असताना?"

चष्मेवाल्यांनी हे इतक्या जोरात विचारलं, की समोर डोळे तपासायला बसलेल्या बाई दचकल्या आणि तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून मोकळ्या झाल्या!

फोनवर बायको होती. तिच्या आत्याचा पंच्याहत्तरावा वाढदिवस रविवारी होता आणि फोटो कोणी काढायचे हा प्रश्न निघाला होता. चष्मेवाल्यांच्या मते तो प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे खराखुरा डीएसएलआर कॅमेरा येऊन सतरा दिवस झाले होते. सतरा दिवसांत त्यांनी दुकानासमोरच्या खांबावरच्या एकाच कावळ्याचे चारशे फोटो काढले होते. कावळा हल्ली ते दिसले की पाठ करून बसायचा.

"चोवीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरतोय," ते म्हणाले. "भिंगाचं मला कोणी शिकवू नये!"

"अहो, चेष्टा नाही. काका येणार आहेत."

"कोण काका?"

"माझे काका! आत्याचा सख्खा भाऊ!"

आता मात्र चष्मेवाले स्टुलावर बसले. आत्याबाई आणि काका यांच्यात अकरा वर्षं अबोला होता. त्याचं कारण एवढंसं. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत काका बोलून गेले, "ताई माझ्याहून चांगली सात वर्षांनी मोठी!" आत्याबाईंनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि त्या निघून गेल्या. तेव्हापासून दोघं एका घरात आले तरी एका खोलीत आले नव्हते. आता पंच्याहत्तरी म्हणजे वय गावभर जाहीरच झालेलं. मग अबोला धरून मिळवायचं काय, असं म्हणून बायकोने काकांना कसंबसं तयार केलं होतं.

"दोघांचा एकत्र एक तरी फोटो हवा," ती म्हणाली. "पुन्हा योग येईल की नाही कोणास ठाऊक!"

"एक? नऊ काढतो!"

आणि खरंच नऊ काढले. पण ते कसे काढले, ते ऐका.

इंटरनेटवरून चष्मेवाले दोन गोष्टी शिकले होते. पहिली, खरे फोटोग्राफर फोटो रॉमध्ये काढतात. दुसरी, अंधार असेल तर आयएसओ वाढवायचा, म्हणजे कॅमेऱ्याला अंधारातलं दिसतं. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. फक्त प्रत्येकीच्या पुढे एकेक "पण" होता आणि तिथवर पोहोचण्याआधीच चष्मेवाल्यांना झोप लागली होती.

रविवारी संध्याकाळी आत्याबाईंच्या हॉलमध्ये पडदे ओढलेले, दिवा एकच, तोही कोपऱ्यातला. आत्याबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पाहताच म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या डोळ्यांपुढे झगमगाट केलात, तर कॅमेरा जप्त होईल."

आयुष्यभरात त्यांनी गोट्यांपासून गलोलीपर्यंत काय काय जप्त केलं होतं आणि त्यातलं काहीही कधी परत दिलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी मुकाट्याने फ्लॅश मिटला आणि आयएसओचा आकडा वाढवायला घेतला. वाढवता वाढवता तो पंचवीस हजारांच्या वर गेला, तेव्हा कुठे काका दिसायला लागले. कारण काका येऊन थेट पडद्यापाशी, सगळ्यात काळोख्या जागी उभे राहिले होते.

केक कापला. सगळ्यांचे मोबाईल केकवर रोखलेले. तेवढ्यात बायकोने काकांना दंडाला धरून आत्याबाईंशेजारी आणलं. "ये, राहा उभा," आत्याबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. काकाही पडद्याकडेच बघत उभे राहिले. सगळे मिळून चाळीस सेकंद! तेवढ्यात खटाखट नऊ फोटो! कॅमेऱ्यामागच्या टीचभर पडद्यावर ते इतके झकास दिसत होते, की चष्मेवाल्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने फाइल्सकडे बघितलं आणि सरळ ओळख दाखवायला नकार दिला. ही फाइल मला उघडता येत नाही. ही नाही. ही पण नाही. नवाच्या नऊ नाहीत!

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, आत्या सकाळपासून तीनदा विचारतेय. फोटो कुठेत?"

"अजून रॉ आहेत म्हणावं."

"म्हणजे काय?"

"कच्चे! कॅमेऱ्याने टिपलेला सगळा मूळ माल असतो त्यात. तो सॉफ्टवेअरमधून काढला की त्याचा फोटो होतो."

बायकोने हे नेमकं कोणत्या शब्दांत पुढे पोहोचवलं ते माहीत नाही. पण पाचव्या मिनिटाला आत्याबाईंचा फोन आला.

"जावईबापू, मी कच्चा माल आहे?"

"नाही, नाही! तुम्ही नाही, फोटो!"

"फोटोत कोण आहे?"

"तुम्ही."

"मग? पंच्याहत्तराव्या वर्षी मी कच्ची, तर पिकणार कधी?"

चष्मेवाल्यांनी घाम पुसला आणि ताबडतोब एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फोटो उघडला. उघडला आणि त्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग लक्षात आलं, की पुसण्यासारखं बाहेर काही नाहीच, जे आहे ते आत आहे! आत्याबाईंच्या चेहऱ्यावर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचं वादळ उठलं होतं. आणि काका? काका तिथे नव्हतेच! काकांच्या आकारात मुंग्या उभ्या होत्या!

हाच तो नॉईज. अंधारात कॅमेऱ्याला डोळे ताणायला लावले, की तो असे ठिपके पेरतो. तो जो दुसरा "पण" झोपेत राहून गेला होता, तो हा.

इतक्यात काकांचा फोन. "काय हो, फोटोचं काय झालं?"

"होतायत काका. जरा नॉईज आहे."

"आवाज? आम्ही तर तोंडातून शब्द काढला नाही!"

"तसा नाही. चेहऱ्यावर आहे. साफ करतोय."

"कोणाच्या चेहऱ्यावर?"

"तसा दोघांच्याही. पण तुमच्या जास्त."

पलीकडून अगदी थंड आवाजात, "हे ताईने सांगितलं का?"

"नाही हो!" म्हणेपर्यंत फोन बंद!

आता तातडीने काहीतरी करायला हवं होतं. सॉफ्टवेअरमध्ये नॉईज कमी करायचा स्लायडर होता. शहाण्या माणसाने तो थोडासा सरकवला असता. चष्मेवाल्यांनी धरला आणि पार उजव्या टोकाला नेऊन आदळला!

ठिपके गायब! मुंग्या गायब! आत्याबाईंचा चेहरा असा गुळगुळीत झाला, की जणू नुकताच साच्यातून काढलाय. काका साबणाच्या वडीसारखे लखलखले. चष्मेवाल्यांनी आनंदाने टाळी वाजवली आणि फोटो एकाच वेळी दोघांनाही पाठवून दिला. ही टाळी त्या दिवसातली शेवटची.

आत्याबाई बेहद्द खूश झाल्या. सुरकुती नावाला नाही! त्यांनी तो फोटो एकाहत्तर जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला.

काकांनी मात्र फोटो पाहिला आणि ते आरशाकडे धावले. त्यांना पेन्सिलीने रेघ मारावी तशी बारीक मिशी होती. पन्नास वर्षं रोज सकाळी कात्रीने कोरलेली. आरशात ती होती. फोटोत नव्हती! स्लायडरला ती नॉईज वाटली होती!

आणि आत्याबाईंना ती मिशी पहिल्यापासून आवडत नसे. "ओठावर सुरवंट बसल्यासारखा दिसतोस," असं त्या तरुणपणापासून म्हणत आल्या होत्या. काकांनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर बावीस काढलं. थेट पुतणीला, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोला फोन!

"तिने स्वतःचं वय पुसून घेतलं आणि जाता जाता माझी मिशी पुसली! अकरा वर्षं राग ठेवला आणि आता सूड उगवला!"

पुतणीने घाबरून आत्याला फोन लावला. आत्याबाई कडाडल्या, "मी कशाला त्याची मिशी पुसू? माझ्यावर आळ? थांब, जावईबापूंच्याच तोंडून वदवून घेते!"

दुपारी चष्मेवाले एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याची काडी बसवत होते. गिऱ्हाईक मोठ्या नंबरचं. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचे गुडघेही दिसत नसावेत, कारण बसताना त्याने आधी खुर्ची हाताने चाचपून घेतली होती. तेवढ्यात डावीकडून आत्याबाई आल्या. त्याच क्षणी उजवीकडून काका आले. दाराशी दोघं समोरासमोर! कोणीही मागे हटेना. शेवटी दोघं एकदमच आत घुसले आणि चष्म्यांचा स्टँड गदागदा हलला.

"माझी मिशी परत आणा!" काका म्हणाले.

"आधी याला सांगा, ती मी काढायला सांगितली नव्हती!" आत्याबाई म्हणाल्या.

"कोणीच काही सांगितलं नव्हतं!" चष्मेवाले काकुळतीला आले. "आणि मिशी कुठे गेलेली नाही काका. मूळ रॉ फाइल जशीच्या तशी असते. तिच्यातून हवा तितक्या वेळा नव्याने फोटो काढता येतो. हे बघा!"

त्यांनी स्लायडर डावीकडे ओढला. मिशी हळूहळू उगवली. काकांचा जीव भांड्यात पडला. पण मिशीपाठोपाठ आत्याबाईंच्या सुरकुत्याही एकेक करून परतायला लागल्या.

"थांबा! माझा चेहरा सोडा, फक्त त्याचाच करा!"

"स्लायडर एकच आहे, आत्याबाई!"

"मग दुसरा बसवा! चष्म्याला दोन काचा बसवता ना?"

"डावीकडे घ्या!" काका.

"उजवीकडे!" आत्याबाई.

"डावीकडे!"

"खबरदार!"

माऊस चष्मेवाल्यांच्या हातात, चष्मेवाल्यांचं मनगट काकांच्या हातात आणि काकांची बाही आत्याबाईंच्या हातात! पडद्यावर मिशी येत होती, जात होती, येत होती, जात होती. गिऱ्हाईक अंदाजानेच आवाजाच्या दिशेने मान वळवत बसलं होतं.

अचानक आत्याबाई पडद्याजवळ वाकल्या. "थांब रे. तुझ्या भुवईवरचा व्रण कुठे गेला?"

"तुझ्या जावयाने पुसला," काका म्हणाले.

"पुसला? असा कसा पुसला?" आत्याबाई चष्मेवाल्यांवर उसळल्या. "तो व्रण मी पाडलेला आहे!"

"मग! सायकल मागून धरलीय म्हणालीस आणि दिलीस सोडून!"

"सोडल्याशिवाय येते का सायकल?"

"सहा वर्षांचा होतो मी!"

"आणि मी काय मोठी होते? मीसुद्धा तेरा..."

आत्याबाई एकदम थांबल्या.

"तेरातून सहा गेले," काका हळूच म्हणाले, "सात. अकरा वर्षांपूर्वी मी एवढंच म्हणालो होतो, ताई."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आता काय काय जप्त होतं, या भीतीने त्यांनी माऊस छातीशी धरला. पण जो आवाज आला तो हसण्याचा होता. आत्याबाई हसत होत्या! हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग भावाच्या भुवईवर, खऱ्याखुऱ्या व्रणावर, बोट ठेवलं.

"दुखलं होतं का रे फार?"

"सायकल आली ना पण," काका म्हणाले. त्यांचंही नाक एव्हाना लाल झालं होतं.

दोघांनी मिळून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"पण काही म्हण, फोटो भयंकर आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"अतिभयंकर!"

"ठिपके ठेवले तर मुंग्या!"

"काढले तर साबण!"

अकरा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि ते चष्मेवाल्यांच्या फोटोग्राफीबद्दल झालं होतं.

"चल, नवीन काढू," आत्याबाई म्हणाल्या. "बाहेर पायरीवर छान ऊन आहे."

"आलोच!" म्हणत चष्मेवाले कॅमेरा आणायला धावले.

"तुम्ही नको!" दोघं एका सुरात ओरडले.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला मोबाईल गिऱ्हाईकाच्या हातात कोंबला.

"अहो, पण मला काहीच दिसत नाही!" गिऱ्हाईक गडबडलं. "चष्मा यांच्याकडे आहे!"

"बटण सापडतंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"ते सापडतंय."

"मग झालं तर!"

पायरीवर बहीणभाऊ उभे राहिले. आत्याबाईंनी सुरवंटाबद्दल काहीतरी म्हटलं, काका खो खो हसले आणि गिऱ्हाईकाने आवाजाच्या रोखाने बटण दाबलं. फोटो आरशासारखा स्वच्छ! मिशीचा केस न् केस वेगळा. भुवईवरचा व्रण ठसठशीत. आत्याबाईंच्या सगळ्या सुरकुत्या हसताहेत आणि त्यांना त्याचं काहीही नाही! "हाच मोठा करून लावायचा हॉलमध्ये," असं म्हणत त्या भावाचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा.

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने काडी बसवली आणि चष्मा गिऱ्हाईकाच्या नाकावर चढवला. गिऱ्हाईकाने डोळे मिचकावले, दुकानभर समाधानाने नजर फिरवली. ती नजर काउंटरवरच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यावर येऊन थांबली.

"वा! हा तुमचा?" त्याने निरागसपणे विचारलं. "मग फोटो तुम्हीच का नाही काढलात?"

चष्मेवाल्यांनी चष्मा त्याच्या नाकावरून पुन्हा अलगद काढून घेतला.

"बसा जरा," ते म्हणाले. "काचा पुसायच्या राहिल्यात."