उलट्या चपलांच्या सोनवणेबाई

आमच्या शाळेतल्या कुणाकडे हळदीकुंकू असलं आणि सोनवणेबाईंना बोलावणं गेलं, की त्या घरात चार दिवसांत भांडण ठरलेलं. यात बाईंच्या जिभेचा काही दोष नव्हता. दोष हातांचा. दारात काढलेल्या बायकांच्या चपला त्या एकेक करून उचलत, उलट्या करून तळ बघत आणि तशाच टाकून आत येत. चप्पल उलटी राहिली की घरात भांडण होतं, हे आमच्या नगरमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत. यजमानीण धावत जाऊन चपला सुलट्या करी, पण घाईत एखादी राहूनच जाई. मग पुढे महिनाभर नवऱ्याशी जे काही वाजे, ते सगळं सोनवणेबाईंच्या नावावर.

रूथ सोनवणे आमच्या मुलींच्या शाळेत ड्रिल आणि खेळ शिकवायच्या, मी मराठी. पन्नाशीला टेकलेल्या, काटक, पदर कायम खोचलेला, गळ्यात शिट्टी. रविवारी चर्चला जातानाही ती शिट्टी उतरत नाही, असं मुली सांगत. माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. नवे मुख्याध्यापक रुजू झाले त्या दिवशी आम्ही सगळ्या नमस्कार करून उभ्या होतो, आणि बाई म्हणाल्या, "सर, जरा मागं वळा. टाच बघू."

सर भांबावून वळले.

"बाहेरून झिजलीय. चांगलंय," म्हणत बाईंनी त्यांना पास केलं.

टाच आतल्या बाजूनं झिजली असेल तर मात्र त्या माणसाचं कठीण. पाय आत कलतो, त्याच्यामागं घोटा आत पडतो, घोट्यामागं गुडघा, असं त्या बोटांवर मोजून सांगत. माझ्या चपला आतूनच झिजलेल्या निघाल्या होत्या. तेव्हापासून त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, फार करुणेनं बघत. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. शाळेच्या वसतिगृहात पारनेरकडची मथुरा नावाची नववीतली मुलगी होती. पळायला लागली की कुणाच्या हाती लागायची नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी शाळेनं तिला कॅनव्हासचे बूट दिले, कडक मुरमावर रोजचा सराव सुरू झाला, आणि थोड्याच दिवसांत तिचा गुडघा सुजला. निरोप गावी पोचला. दुष्काळी कामावर खडी फोडणारी तिची आई तशीच धुळीनं भरलेली शिक्षकखोलीत येऊन उभी राहिली.

"मास्तरीनबाई, पोरगी न्यायला आलेय. पळनं बी बास आन शाळा बी बास. लंगडी पोरगी कोन करून घेनार? त्यापरीस माज्यासंगं खडी फोडंल."

आम्ही सगळ्या एकदम समजवायला लागलो. शिक्षणाचं महत्त्व वगैरे मी बरंच बोलले. सोनवणेबाई तिच्या पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मथुराच्या आई, चप्पल काढा. टाच बघू."

टायरची चप्पल. आतली कड झिजून कागद झालेली.

"तुमचाही गुडघा दुखतो," बाई म्हणाल्या. "आतल्या अंगानं. खाली बसून उठताना कळ येते. उतारावर जास्त."

मथुराच्या आईनं चप्पल उलटी करून स्वतःच बघितली. "तुमाला कोनी सांगितलं? म्या घरात बी बोलले न्हाई कुनाला."

"चपलेनं सांगितलं. पोरीनं पाय तुमचे घेतलेत. पाय वाईट नाहीत, बूट वाईट आहेत. मला पंधरा दिवस द्या."

आईनं चप्पल पायात सरकवली. "देते. पर वसतिगृहात न्हाई. तुमच्या घरी ठिवा, डोळ्यांम्होरं. पुन्यांदा सूज आली तर मी न्हेनार, मंग काय बी सांगू नका."

त्याच संध्याकाळी आम्ही मथुराला घेऊन कापडबाजारात गेलो. संध्याकाळीच, कारण दिवसभर चालून पाय पसरतो आणि तेव्हाच त्याचं खरं माप कळतं, असं बाईंचं म्हणणं.

"बायकांचे पळायचे बूट दाखवा," बाई म्हणाल्या.

दुकानदार हसला. "बायका कशाला पळतील, बाई?"

"तुमच्यासारखे दुकानदार बघून."

त्यानं मुकाट्यानं मुलांचे बूट काढले. बाईंनी आधी प्यायला पाणी मागितलं आणि ते मथुराच्या तळपायाला लावून तिला कोरड्या फरशीवर उभं केलं. ओला ठसा उमटला तो अख्खा, मधे खोबणच नाही. त्या दिवसांत पाणी असं वाया गेलेलं बघून दुकानदाराचा चेहरा पडला. मग बाईंनी एकेक बूट धुणं पिळावं तसा पिळला, मागची बाजू अंगठ्यानं दाबली. "टाचेची भिंत अशी बसली तर घोट्याला कोण धरणार? वाकायचं ते बोटांपाशी. हा तर मधेच मोडतोय. बूट आहे की पुरणपोळी?"

दुकानात बुटांचा डोंगर झाला. शेवटी धुळीतून एक जोडी निघाली. न पिळणारी, मागून टणक. मथुराची टाच त्यात जरा ढिली होती, म्हणून बाई तिला चांभाराकडे घेऊन गेल्या आणि टाचेमागं पट्टी, तळव्याच्या आतल्या बाजूला चामड्याची उशी शिवून घेतली. तशाच दोन उशा आणखी करून घेतल्या. त्या कुणासाठी, ते मला मथुराच्या आईच्या पुढच्या फेरीत कळलं.

पंधरवड्यानं ती आली. पोरीला समोर बसवून गुडघा अंगठ्यानं सगळीकडून दाबून पाहिला.

"सूज न्हाई," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या टायरच्या चपलांत त्या दोन उशा बसवून दिल्या. चार पावलं चालून ती थांबली, डोळ्यांना पदर लावला. "ऱ्हाऊ द्या पोरगी तुमच्यापाशीच."

त्या रविवारी मी बाईंच्या दोन खोल्यांच्या घरी गेले. फाटकापासूनच आरडाओरडा ऐकू येत होता.

"बूट घातल्याशिवाय मैदानावर पाऊल टाकायचं नाही!"

"न्हाई घालनार! एक लेस सापडंना, आज मी अनवानीच पळनार!"

दारात दोन जोड चपला, दोन्ही उलट्या. "अहो, म्हणून तर हे चाललंय," म्हणत मी सुलट्या करायला वाकले.

"हात लावू नका त्यांना!"

बाई दारात आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"माझी आई गेली तेव्हापासून माझी चप्पल मी रोज उलटी ठेवते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लोक म्हणतात भांडण होतं. मी किती वाट बघितली, कधी झालंच नाही. एकटं माणूस भांडणार कुणाशी?"

एवढ्यात आतून मथुरा ओरडली, "मिस, माजी लेस तुमी लपवली ना?"

"हो, लपवली!" बाई तिच्यावर खेकसल्या आणि तोंडभर हसल्या.

मी माझ्याही चपला काढल्या, त्या दोन जोडांशेजारी उलट्या ठेवल्या आणि आत गेले.